आधी दोरी लावा, मग किट मागवा!

तोंडी परीक्षेत 'कॅस्टर म्हणजे काय?' असं विचारलं की आपण सगळेच एका दमात व्याख्या म्हणून मोकळे होतो. मार्क मिळतात, विषय सुटतो. पण हा कोन हाताला कसा लागतो हे कोणी विचारलं तर? तिथे आपली गाडी बंद पडते. म्हणून आज एका जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने थोडं बोलायचं आहे.

गाडी म्हणजे एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी हौशी मालकांनी आजही पळत्या ठेवल्या आहेत. या मालकांची एक ठरलेली तक्रार असते: 'स्टिअरिंग फार जड लागतं.' त्यावर ठरलेलं उत्तरही बाजारात तयार आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं किट घ्या, बसवा, एका बोटाने गाडी वळवा!

माझा आक्षेप किटला नाही. आक्षेप आहे तो क्रमाला.

स्टिअरिंग जड का झालं, हा प्रश्न आधी विचारायला नको का? एमजीबीला रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे आणि पुढची चाकं किंगपिनवर वळतात. या किंगपिनला ग्रीस लागतं, तेही नियमित. ते वर्षानुवर्षं मिळालं नाही की पिन आवळते. टायरमध्ये हवा कमी असेल तर जडपणात भर. १९६२ची रोडस्टर ५.६०-१४ मापाच्या क्रॉस-प्लाय टायरवर निघाली होती. आज मालक तिला रुंद रेडियल चढवतो. वर ऐटीसाठी छोटं स्टिअरिंग व्हील! आता साधा हिशोब करा. १६ इंची व्हील काढून १४ इंची बसवलं, तर तोच टॉर्क द्यायला हातांना सुमारे १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचंच गणित आहे हे. म्हणजे निम्मा आजार आपणच विकत घ्यायचा आणि औषधही आपणच विकत घ्यायचं.

आता कॅस्टर. एमजीबीचा कॅस्टर ७ अंश आहे. त्यामुळे वळणानंतर चाकं आपसूक सरळ होतात आणि हायवेवर गाडी सरळ धावते. पण रुंद रेडियल टायरवर हाच कोन पार्किंगच्या वेळी खांदे भरून आणतो. म्हणून काही जण पुढच्या क्रॉसमेंबरखाली पाचरी घालून तो थोडा कमी करतात. उपाय स्वस्त आहे, मोटर लागत नाही, वायरिंग लागत नाही. पण त्याची किंमतही आहे: स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येण्याची ओढ कमी होते. फुकट काहीच मिळत नाही, मेसमध्येही नाही आणि मेकॅनिक्समध्येही नाही.

आणि मग येतं अलाइनमेंट, ज्याला सगळे 'ते काय, शेवटी करून टाकू' म्हणतात. खरं तर ते शेवटीच करायचं असतं, पण 'करून टाकायचं' नसतं! या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर बदलायला कारखान्याने सोय दिलेली नाही. टाय रॉड फिरवून टो तेवढा बदलता येतो. पुढे तो साधारण १.५ ते २.५ मिलिमीटर टो-इन ठेवायचा. समजा, तो ६ मिलिमीटर राहिला. रिमच्या कडांवर मोजला तर प्रत्येक चाक जवळपास अर्धा अंश वाकडं झालं. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक सुमारे ८ मीटर आडवं घासत जातं. महागडे टायर खडूसारखे झिजतात आणि मालक म्हणतो, 'कंपनीचा माल खराब.'

हे मोजायला लेझरचं मशीनच हवं असं नाही. सपाट जमीन, चार स्टँड, दोन दोऱ्या आणि एक स्टीलची पट्टी पुरते. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणा, रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर रॅक मध्यावर राहत नाही. आणि कॅस्टर बदलला असेल तर टो पुन्हा तपासा.

काही जण म्हणतील, 'जुनी गाडी आहे, मूळ रूपातच ठेवा, हात लावू नका.' तेही मला पटत नाही. ट्रायम्फने स्वतःच १९६१च्या टीआर-४ला जुना स्टिअरिंग बॉक्स सोडून रॅक दिला. आज टीआर-३चे मालक तसाच रॅक बसवतात, त्यात गैर काय? फक्त रॅक चुकीच्या उंचीवर बसला, तर प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःच्या मर्जीने वळतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात. आणि ज्याचा खांदा दुखतो, त्याने पॉवर स्टिअरिंग जरूर बसवावं. पण एक पाहावं: १९६८पासून अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबीला धडकेत दबणारा स्टिअरिंग कॉलम होता. नवीन किट बसवताना ती सोय गेली, तर हलकं स्टिअरिंग उद्या छातीवर भारी पडेल. इथे टायर नाही, माणूस पणाला लागतो.

एमजीबी आपल्यापैकी कितीजण चालवतील कोण जाणे! पण बाहा स्पर्धेची गाडी आपल्याच वर्कशॉपमध्ये बनते आणि तिच्यात आपलाच रूममेट बसतो. तिथेही 'नवीन पार्ट मागवू' हे वाक्य 'आधी मोजू' च्या आधी येतं. हा क्रम उलटा करा, एवढंच म्हणणं आहे. इंजिनिअर आणि गिऱ्हाईक यांच्यातला फरक खिशात नसतो, हातातल्या पट्टीत असतो.

बघा पटतंय का!