थोरला भाऊ अजून बाहेरच आहे

लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाचा दाखला आहे. वाटणी मागून घेऊन ती उडवलेला, शेवटी डुकरं राखायची वेळ आलेला धाकटा घरी परततो आणि म्हातारा बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. आमच्याकडे मुलुंडला उपवासकाळात हा दाखला वाचला जातो तेव्हा डोळे पुसणारे पुष्कळ असतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. शेतावरून परतलेला थोरला भाऊ घरातली वाजंत्री ऐकून फुरंगटतो आणि दाराबाहेरच थांबतो. बाप विनवण्या करतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. मला विचाराल तर तो अजून बाहेरच आहे आणि आपण सगळे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभे आहोत.

दारू सोडलेल्या माणसाचंच बघा. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून ‘कृपा फाउंडेशन’चं व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची रीतही साधी आहे: फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, उद्याचं उद्या पाहू. म्हणजे रोज सकाळी पाटी कोरी. माणूस असे तीनशे दिवस एकेक करून काढतो आणि जिन्यात शेजारी विचारतो, ‘काय, पुन्हा सुरू नाही ना?’ मुलीला स्थळ आलं की त्याची जुनी बाटली आधी पुढे येते. कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, ऐकलेलं पाप फादरने मरेपर्यंत ओठांवर आणायचं नसतं. जिन्याला असा काही नियम नाही.

हे आजचं दुखणं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये चौपाटीला शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. अपशकुनी ठरवलेल्या बालविधवांच्या हाती तिथे पुस्तकं आली. १८९३ मध्ये धर्मांतराची ओरड झाली, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालक मुलींना घेऊन गेले. शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. काही मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसत, हे खरं. पण त्याच मुलींची डोकी भादरली तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नव्हता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. बायकांची नावं गावाने टाकली. फसवणारे मात्र गावातच पंक्तीला पाट मांडून बसत होते.

आता आपल्या अंगणात या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये याच मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना, मराठी आहेत म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारली गेली. महाराष्ट्रभर संताप झाला, तो योग्यच होता. पण संतापलेल्यांपैकी किती जणांच्या सोसायट्यांत मटण खाणाऱ्याला, मुसलमानाला, एकट्या बाईला भाड्याने घर मिळतं? आपल्याला नाकारलं की अन्याय, आपण नाकारलं की सोसायटीचा ठराव.

आम्ही ख्रिस्ती यातून सुटलो असं कुणी समजू नये. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुना माणूस मेला, असं आम्ही मानतो. लग्न जुळवताना मात्र मूळ गाव कुठलं, आजोबा कोण होते, असं चाचपत चाचपत त्या मेलेल्या माणसाची जात शोधून काढतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख सगळ्यांच्या सारखीच लागते. संध्याकाळपर्यंत ती पुसली जाते, जात कुठे पुसते?

रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर एक गृहस्थ बसतात. त्यांची दारू सुटून बरीच वर्षं झाली. मिस्सा संपला की लोक आवारात गप्पा मारत रेंगाळतात. हे गृहस्थ शेवटचं गीत सुरू व्हायच्या आधीच उठून, बाजूच्या दाराने निघून जातात.