चरबीचा जमाखर्च

लग्नकार्यात वर्षभराने भेटलेल्या नातेवाइकांचा पहिला शेरा बहुधा वजनावर असतो. पुरुषाला ‘लग्न मानवलं हो तुला’ एवढ्यावर सोडून देतात; बाईला मात्र ‘तोंडाला जरा कुलूप लाव’ असा सल्ला मिळतो. जाडेपणा म्हणजे आळस आणि खादाडपणा, हे समीकरण घराघरांत इतके पक्के बसले आहे, की त्यावर कोणी शंकाही घेत नाही. मला ते अन्यायाचे वाटते. शास्त्राच्या कसोटीवरही ते पुरते उतरत नाही.

चरबी ही शरीराची शिल्लक. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरते. पेशींनी साखर उचलावी, जास्तीचे साठवावे आणि साठवलेली चरबी तूर्त बाहेर काढू नये, हा त्याचा हुकूम. दोन जेवणांत अंतर पडले, की इन्सुलिन उतरते आणि शिल्लक खर्ची पडू लागते. पण चरबीच्या पेशी म्हणजे नुसती भरून ठेवलेली पोती नव्हेत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी 1994 मध्ये लेप्टिनचे जनुक शोधून काढले, आणि ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप या पेशीच मेंदूला धाडतात, हे उमगले. 1999 मध्ये जपानी संशोधकांना जठरातून पाझरणारे घ्रेलिन सापडले. ते भूक चेतवते.

वजन झपाट्याने उतरवले, की लेप्टिन घटते आणि घ्रेलिन वाढते. शरीराच्या दृष्टीने तो दुष्काळच. मेलबर्नमधील संशोधकांनी 50 स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले होते. त्यांचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. वजने उतरली खरी, पण वर्ष उलटल्यावरही भुकेची संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत. वजन पुन्हा वाढले, की पैसे त्यांच्या खिशात आणि ‘मनाचा निग्रह नाही’ हा ठपका गिऱ्हाइकाच्या माथी! 2025 पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्याकडेही आली आहेत. ती गुणकारी आहेत. पण बंद केल्यावर बरेचसे वजन परतते, असाच अनुभव आहे.

म्हणून हार्मोन्सच्या नावाने हात झटकावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा थोडेच असते. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे सरकते हे खरे, पण आहार आणि व्यायामाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. ‘सगळा दोष इन्सुलिनचा, भात-पोळी सोडा’ म्हणणाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 2018 मधला अभ्यास पाहावा. 609 जणांपैकी निम्म्यांना कमी स्निग्ध, निम्म्यांना कमी पिष्टमय आहार वर्षभर दिला. वजन सरासरी 5.3 आणि 6 किलो उतरले. म्हणजे फरक नगण्य. दोन्ही गटांना भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमीत कमी, हे मात्र सारखेच सांगितले होते.

आपल्याला तर वजनकाट्यावरही विसंबून चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडून बसते आणि मधुमेहाला वाट करून देते. त्यामुळे इंचपट्टी हाताशी ठेवावी. पुरुषाचा कमरेचा घेर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीचा 80 सेंटिमीटरपलीकडे गेला, की सावध व्हावे. जाड सुनेला टोमणे मारणाऱ्या काटकुळ्या सासरेबुवांनीही एकदा मोजून पाहावे.

माझे म्हणणे इतकेच, की आहार बदलायचा तर तो सगळ्या घराचा बदलावा. सकाळी पोहे, दुपारी भात-पोळी, चारला चहा-बिस्किटे आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, असा पिष्टाचा मारा घरातले सगळेच सोसत असतात. उसळ, वरण, पालेभाजी, कोशिंबीर वाढवावी, भात-पोळी थोडी आवरावी, रात्री लवकर जेवावे, पुरेसे झोपावे आणि रोज चालावे. यात विकत घ्यायचे काहीच नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. सगळ्यांसाठी पुऱ्या तळायच्या आणि स्वतः काकडी खाऊन उठायचे, ही शिक्षा एकट्या गृहिणीला कशासाठी? जे जेवण पाच वर्षे सुखाने जेवता येणार नाही, त्याने उतरलेले वजनही पाच वर्षे टिकणार नाही.