कोल्हापूरहून निघालेला प्रवास

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातील अनेक घरांत परदेशप्रवासाची तयारी सुरू होते. मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत किंवा युरोपात स्थिरावलेली असतात आणि निवृत्त झालेले दांपत्य दोन-तीन महिने त्यांच्याकडे जाण्यास निघते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने आखात किंवा युरोप, मग विमान बदलून पुढे, असा टप्प्याटप्प्याचा हा प्रवास असतो. एखादे विमान उशिरा सुटते, पुढचे चुकते, सामान भलत्याच शहरी पोहोचते. तरीही दोन दिवसांत मंडळी मुक्कामी असतात आणि पुढे वर्षभर त्या हकिकती रंगवून सांगितल्या जातात.

अशा वेळी सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका दांपत्याच्या प्रवासाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ते सुट्टीसाठी निघाले नव्हते. परंतु त्यांच्या प्रवासाचा उगम कोल्हापुरात होता आणि शेवटही कोल्हापुरातच व्हावयाचा होता. हे दांपत्य म्हणजे गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी.

गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. बदलीमुळे ते काही काळ कोल्हापुरात राहिले. पत्नीला उच्च शिक्षण मिळावे या ध्यासाने त्यांनी 1878 मध्ये येथूनच एक पत्र अमेरिकेतील वाइल्डर या मिशनऱ्यास लिहिले. वाइल्डर यांनी अनेक वर्षे कोल्हापुरात काम केले होते. त्यांनी ते पत्र आपल्या नियतकालिकात छापले. 1880 मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठविले आणि दोन अनोळखी घरांत ऋणानुबंध जुळला.

तिकिटांचे पैसे दोघांपुरते नव्हते आणि नोकरीही सोडता येत नव्हती. त्यामुळे अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीवाचून निघाल्या. 7 एप्रिल 1883 रोजी परिचित मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्यांनी कलकत्ता सोडले. सुवेझमार्गे इंग्लंड, तेथे बोट बदलून अटलांटिक महासागर, असे करीत 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे अठ्ठावन्न दिवस! शाकाहार सोडावयाचा नाही हा त्यांचा निश्चय होता.

आज आपण तिकीट काढतानाच जैन भोजनाची नोंद करतो. प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील तर ही नोंद प्रत्येक कंपनीकडे निराळी करावी लागते, आणि उड्डाणापूर्वी किमान चोवीस तास करावी लागते, एवढेच लक्षात ठेवावयाचे. शिवाय पिशवीत खाकरे असतातच. आपला आहार सांभाळून सातासमुद्रापार जाणे त्या काळी किती कठीण असेल, हे आपल्या समाजातील वाचकांस विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला कार्पेंटर कुटुंबात काढला. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. थंडी अपरिचित, अभ्यास कठोर, आणि प्रकृती मुळात नाजूक. गोपाळराव मागाहून निघाले व 1885 मध्ये अमेरिकेत पोहोचले. ज्या प्रवासाचे स्वप्न दोघांनी मिळून पाहिले, त्याचा जाण्याचा मार्ग मात्र दोघांनी वेगवेगळा कापला. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभास इंग्लंडहून पंडिता रमाबाईही आल्या होत्या.

याच सुमारास कोल्हापूर संस्थानाकडून त्यांना बोलावणे आले. आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली होती. ज्या गावातून ते पहिले पत्र गेले, त्याच गावाने डॉक्टर म्हणून परत बोलावले, याहून मोठे समाधान कोणते?

ऑक्टोबर 1886 मध्ये पतिपत्नी प्रथमच एकत्र महासागर ओलांडण्यास निघाले. तोवर क्षयाने आनंदीबाईंचे शरीर पोखरले होते. बोटीवरचे दिवस आजारपणातच गेले. नोव्हेंबरमध्ये ते मुंबईस उतरले. तेथून कोल्हापूर आता फार दूर नव्हते. परंतु तो शेवटचा टप्पा पार पडला नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पॉकिप्सी येथील दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

कोल्हापूरची ती जागा मात्र कायमची रिकामी राहिली नाही. पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात रुग्णसेवा केली. आज आपण त्याला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात सीपीआर, म्हणून ओळखतो.

या सुट्टीत जी दांपत्ये परदेशी निघतील त्यांचा प्रवास सुखाचा होवो. औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत, दोन विमानांमध्ये पुरेसा अवधी राखावा, प्रकृतीची कुरकुर लपवू नये आणि जोडीदाराच्या थकव्याकडे लक्ष असावे. विमान चुकले तर दुसरे मिळते. तेवढ्यावरून एकमेकांवर रागावण्याचे कारण नाही. सोबतीने निघावे, सोबतीने परतावे आणि स्थानकावरून घरी जाताना सीपीआरवरून रिक्षा गेली, तर येथे पोहोचू न शकलेल्या त्या तरुण डॉक्टरची क्षणभर आठवण करावी.