पावसाची वही

इंग्लंडला राहून आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारतात. थंडी किती होती आणि पाऊस किती होता? ऑक्सफर्डला दोन वर्षं नोकरीनिमित्त काढून नाशिकला परतलो, तेव्हापासून मलाही हेच विचारलं जातंय. उत्तर ऐकून मात्र लोक जरा नाराज होतात. ऑक्सफर्डला वर्षभरात साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस आपल्या शहरात एका पावसाळ्यात होऊन जातो, आणि इगतपुरीला तर एकटा जुलै पुरतो! पण आपला पाऊस चार महिन्यांत काम उरकतो, तिकडचा बारा महिने हप्त्याहप्त्याने पडतो. नुसती पिरपिर. तिथली बरीचशी मंडळी छत्रीच्या भानगडीत पडत नाहीत, जॅकेटची टोपी ओढतात आणि सायकल हाणतात.

पावसापेक्षा जड जातो तो अंधार. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये सगळं उलटं. रात्री नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड, जेवायची वेळ झालीय हे पोटाला पटतच नाही. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनने पहिल्यांदा ४० अंश ओलांडले, त्या दिवशी ऑक्सफर्डचा पाराही ३८ च्या वर गेला. नाशिकच्या एप्रिलमध्ये याची कोणी बातमी करणार नाही. पण तिथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, वर पंखा नाही!

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली याच शहरात शिकायला गेल्या. ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ साली त्यांनी परीक्षा दिली. पण स्त्रियांना तेव्हा पदवी देत नसत, त्यामुळे पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं. त्या ज्या दिवशी परीक्षेला बसल्या, त्या दिवशी तिथे थंडी किती, पाऊस किती, हे आजही सापडतं. कारण ते लिहून ठेवलंय.

ऑक्सफर्डच्या जुन्या रॅडक्लिफ वेधशाळेच्या आवारात नोव्हेंबर १८१३ पासून हवामानाची रोज नोंद होते आहे. एकही दिवस खाडा नाही. सकाळी नऊच्या सुमाराला कोणीतरी जातं, तापमान बघतं, पावसाचं पाणी मोजतं आणि लिहितं. हे काम बहुधा भूगोल विभागाचा संशोधक विद्यार्थी करतो. म्हणजे मित्रांनो, आपल्यासारखाच होस्टेलवाला!

आता आपलं बघा. गोदावरीचा पूर आपण दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पाणी कमरेला, छातीला, डोक्यावरून. मला हे मोजमाप मनापासून आवडतं. २००८, २०१६, २०१९ चे पूर लोक त्यावरूनच सांगतात. पण त्या दिवशी आपल्या गच्चीवर किती पाऊस झाला, ते कोणी सांगू शकेल? हवामान खातं १८७५ पासून आहे, त्यांची केंद्रंही आहेत. पण आपला पाऊस लहरी. पंचवटीत धो-धो आणि सिडकोत ठणठणीत कोरडं, हे नेहमीचंच.

ही नुसती हौस नाही. आमच्या वेळी होस्टेलवर निफाड-दिंडोरीची मुलं होती. अवकाळी ढग आले की अभ्यास सोडून आधी घरी फोन लावायची. द्राक्षं फुलोऱ्यात असली तर डावणी, काढणीला आली असली तर मणी तडकणार. फळपिकाच्या हवामान विम्याची भरपाई मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर ठरते. शिवारात पडलेला पाऊस केंद्रावर पडला नाही, तर कागदावर तो पडलेलाच नसतो. गावोगावी मोजणारे असले, तर निदान आकडा समोर ठेवून भांडता तरी येईल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. होस्टेलच्या गच्चीवर, झाडा-भिंतींपासून लांब एक पर्जन्यमापक बसवा. सोबत एक जाड वही. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, मोजा आणि लिहा. पाऊस नसेल तर शून्य लिहा, कारण शून्य हाही आकडाच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. गच्चीवरून किती पाणी गटारात गेलं, याचा हिशोब फर्स्ट इयरचा मुलगाही करेल. सुट्टीत काम रेक्टर सरांनी किंवा वॉचमनकाकांनी सांभाळावं. बॅच पास आउट झाली की वही ज्युनियरच्या हातात द्यावी.

दोनशे वर्षांचं राहू द्या. येत्या जूनपासून चार महिने खाडा न करता लिहून दाखवा, मग बोलू!