वजन कुणाच्या अंगावर पडतं?



हल्ली शहाणी माणसं सांगतात की खरं काय नि भासाचं काय, यातली रेघ पुसत चाललीय. डोळ्यांवर तो नवा चष्मा चढवला की माणूस खुर्चीत बसून हिमालय चढतो. 2018 ला वारलेल्या करुणानिधींना 2024 मध्ये यंत्रानं भाषण करायला लावलं. हे बघून पांढरपेशांची झोप उडालीय. उडू द्या. आपल्याला यात नवं काय? असा चष्मा या देशात हजारो वर्षं फुकट वाटला जातोय. जन्मताच डोळ्यांवर चढतो. त्यातून माणूस दिसत नाही, विटाळ दिसतो. हा विटाळ कुणी तराजूत घातला? कुठल्या रक्तातून काढून दाखवला? भासच तो. पण त्या भासापायी पाणवठा बंद झाला, घर गावकुसाबाहेर गेलं, पाठीवर काठी बसली. काठी मात्र भासाची नव्हती.

म्हणून मी गोदीतला माणूस एकच विचारतो. वजन कुणाच्या अंगावर पडतं?

केरळात विळिंजमचं नवं बंदर 2024 ला सुरू झालं. तिथं आवारातल्या क्रेन चालवायला कुणी वर चढत नाही. लांब खोलीत पडद्यासमोर बसून दांडी हलवायची. वर चढून मरायचं टळलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पडद्यावर पेटी काडेपेटीएवढी दिसते, आणि खाली ती वीस-पंचवीस टनांचीच असते. रेघ पुसली असं वाटतं ते खोलीत बसलेल्याला. पेटीखाली उभा असलेल्याला तसं कधीच वाटत नाही.

आता आपल्या मुलखाकडं या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. देशानं ती टीव्हीवर बघितली नि लातूरची तहान भागली असं समजून चॅनेल बदललं. पहिल्या खेपेत पाणी आलं सुमारे पाच लाख लिटर. शहरात माणसं चार लाखांच्या आसपास. माणशी सव्वा लिटर. पडद्यावर रेल्वे भरलेली होती, घागर तेवढी रिकामी होती.

आणि नांदेड? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. नाव म्हणजे काय, पाटीवरची अक्षरं. त्या अक्षरांनी कुणाच्या ताटातली भाकर जात होती? तरी नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं. मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. वर विद्वान म्हणाले, नावात काय आहे, पोटापाण्याचं बोला! ज्याचं नाव आधीच सगळीकडं कोरलंय त्यालाच असं बोलायला परवडतं.

नोव्हेंबर 1993 मध्ये गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. पाटी लागली. आणि त्याच सालात 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडं गेली. रामानंद तीर्थांशी आपलं भांडण नाही. पण हिशेब बघा. ज्या जिल्ह्यानं नावापायी जीव दिला, तिथल्या पोराच्या डिग्रीवर ते नाव येत नाही. पाटीचा फोटो बघून घरी गेलं की असं होतं.

हे सगळं फोनच्या आधीचं. फोननं फक्त वेग वाढवला. मे 2015 मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं. तेवढ्यावरून भांडण काढून त्याला मारून टाकलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं? पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा फोनाफोनांतून पसरली होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसाव्यांपैकी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. टोळी भासातली. पाच प्रेतं खरी.

म्हणजे त्यांचा भास पडद्यातून बाहेर येतो तो काठी घेऊन. आपला भास पडद्यातच मुक्काम करतो. 14 एप्रिलला स्टेटस, 6 डिसेंबरला स्टेटस, गावात बहिष्कार पडला की रागानं लाल झालेलं एक तोंड पाठवायचं, झालं! अंगठा दुखला. पाय कुणाचे दुखले?

आणि पुढचं संकट तर याहून वंगाळ आहे. मारहाणीचा खरा व्हिडिओ घेऊन आपण ठाण्यात गेलो की ते म्हणणार, हे यंत्रानं बनवलंय. पूर्वी म्हणायचे, असं घडलंच नाही. आता म्हणतील, दिसतंय ते खोटं आहे. रेघ पुसल्याचा फायदा कुणाला, ते इथं कळतं.

म्हणून दोस्तांनो, रेघ आपणच ओढायची. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे फोनमधलं चित्रण कोर्टात द्यायचं तर प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाईल पुसू नका. ज्या फोननं काढलं तो फोन विकू नका. कुणी, कधी, कुठं काढलं ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ प्रमाणे एफआयआरची नक्कल फुकट मिळायला पाहिजे, ती मागून घ्या. इंटरनेटवर जातीवरून दिलेली शिवी ही चारचौघांत दिलेलीच शिवी, असं केरळ उच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलंय. हे ठाण्यातल्या साहेबाला ठाऊक नसेल तर आपण सांगायचं.

स्टेटस टाका. खुशाल टाका. पण टाकून झालं की एसटी पकडा. गावात जा, साक्षीदाराच्या ओट्यावर बसा, कोर्टाच्या तारखेला त्याच्यासोबत हजर राहा. साक्षीदार एकटा पडला की फुटतो. त्याला हजार अंगठ्यांचा काय उपयोग? चार माणसं पाहिजेत. वजन त्याच्या अंगावर आहे. जाऊन खांदा लावा.

जयभीम!