विरजणाची परीक्षा

शब्दांच्या मागे लागलेला माणूस कुठे जाऊन पोचेल याचा नेम नाही. मराठीचा मास्तर असूनही मी या खेपेस वाचकांना थेट रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नेणार आहे!

‘एन्झाइम’ म्हणजे आपले विकर. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘आंबवणात असलेले’. आता विरजण कसदार आहे की नाही, हे तराजू सांगत नाही. ते ठरावीक दुधाला लावावे, ठरावीक वेळ थांबावे आणि दही कसे लागले ते पाहावे. विकराची शक्तीही अशीच, त्याने केलेल्या कामावरून मोजतात.

हे काम मोजायचे कसे? मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग खडूच्या भुकटीतून गाळून वेगळे केले आणि १९०६ साली त्या रीतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, हे नाव दिले. गंमत अशी की, रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंगच! आजच्या द्रव-क्रोमॅटोग्राफीत बारीक भुकटी ठासलेल्या पोलादी नळीतून द्रव मोठ्या दाबाने ढकलतात. भरल्या बाजारात ज्याचे पाय दुकानादुकानाशी रेंगाळतात तो उशिरा बाहेर पडतो. तसे मिश्रणातले पदार्थ आपापल्या वेळी बाहेर येतात. यंत्र एकेकाचा उंचवटा रेखते आणि त्याच्या क्षेत्रफळावरून पदार्थ किती ते कळते.

एवढा खटाटोप कशासाठी? रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना मर्कॅप्टोप्युरीन हे औषध देतात. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचे हे औषध १९५३ पासून वापरात आहे. त्याचा जोर आवरणारे टीपीएमटी नावाचे विकर आपल्या शरीरात असते. पण १९८० साली अमेरिकेत आढळले की, सुमारे ३०० जणांत एकाजवळ ते जवळजवळ नसतेच. अशा मुलाला नेहमीची मात्रा म्हणजे विष! अस्थिमज्जा खचते आणि रक्त तयार होईनासे होते. म्हणून रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून त्यांत हेच औषध घालतात, ३७ अंशांवर तासभर ठेवतात आणि त्यातले किती पालटले ते त्या नळीतून मोजतात. विकर नसेल, तर मात्रा दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरवतात. आपल्या आशियात न्यूडट-१५ या दुसऱ्या विकरातला दोषही असाच घातक ठरतो. तो जनुकतपासणीने कळतो.

आईबापांनी एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आठवणीने सांगावी. मुलाला नुकतेच रक्त चढवले असेल, तर या तपासणीत मोजले जाते ते दात्याचे विकर, मुलाचे नव्हे.