छाप कुणावर पाडायची?



‘व्यक्तिमत्त्व विकासा’चा धंदा सध्या तेजीत आहे. तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोरसुद्धा क्लासची पाटी लागलेली दिसते. टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा, आवाज पोटातून कसा काढायचा, ‘पानी’चं ‘पाणी’ कसं करायचं, सगळ्याची फी आहे. आपली पोरं आईबापाच्या मजुरीतून ती भरतात. वर शिकवणारा सांगतो, पहिल्या मिनिटात छाप पाडा, नोकरी खिशात.

सवाल असा आहे, की ही छाप पडायची कुणाच्या डोळ्यांवर? आणि त्या डोळ्यांना पिढ्यान् पिढ्या काय बघायची सवय आहे?

बडोदा आठवा. साल १९१७. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू होतो. अंगावर सूट, तोंडात भल्याभल्यांची फे फे उडवील अशी इंग्रजी. काय कमी होतं? तरी कचेरीतला शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकायचा. पारशांच्या सराईतून बाबासाहेबांना बाहेर काढायला माणसं काठ्या घेऊन आली. क्लासवाल्यांनी जरा सांगावं, त्या साहेबी पोशाखात कोणती इस्त्री मोडली होती?

बरं, ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्या. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली. कागदाला टाय नसतो, कागदाला गळा नसतो. छाप पाडायची वेळ यायच्या आधीच निकाल लागलेला.

आता आवाजाकडे या. आमच्या बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हणतात. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला, तेव्हा त्याच्या मदतीला बसले होते ब्राह्मण पंडित. पुण्याच्या वाड्यांतली बोली अशी छापली गेली, शाळेत गेली, रेडिओवर गेली आणि ‘प्रमाण’ झाली. जात्यावरची, शेतातली, मिलच्या खात्यातली भाषा बाहेर उभी राहिली. आणि गंमत बघा. २००० च्या सुमाराला कॉल सेंटरं आली, तेव्हा आमच्या ‘पानी’ला हसणाऱ्या घरांतली पोरंही रात्रभर फोनवर बसून अमेरिकन नाव आणि अमेरिकन हेल लावून बोलायला लागली. त्याला कुणी अशुद्ध म्हणालं नाही. त्याचा पगार मिळत होता ना!

याच्या उलट आपल्यातलेच काही जण म्हणतात, सूटबूट म्हणजे साहेबीपणा, आपण आपले फाटकेच बरे. त्यांना विचारा, फाटकंच राहायचं हा नियम कुणी केला? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आयाबायांना बजावून सांगितलं, की लुगडं नेसण्याची ती तऱ्हा आणि अंगावरचे ते दागिने पाहून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती निशाणी टाकून द्या, स्वच्छ राहा. हे कुणाला खूश करायसाठी नव्हतं. तो हुकूम मोडणं होतं. सूटही त्याच जातीचा. उतरंडीनं ठरवून दिलेले कपडे अंगावरून फेकून द्यायचे, म्हणून तो घातला.

तेव्हा कोट घाला, बिनदिक्कत घाला. पण जात लपवायला घालू नका. कोटात लपलेला माणूस मुलाखतभर ‘आता ओळखलं, आता ओळखलं’ करत घाम पुसत बसतो. प्रमाण भाषा शिका, हत्यार शिकतात तशी. घरी आल्यावर आईला मात्र ‘असं नाही गं म्हणायचं’ म्हणून टोकू नका. आवाज कमवायला फी कशाला? वस्तीतल्या सभेत उभे राहा. मागच्या रांगेतल्या म्हातारीला समजलं पाहिजे असं बोला.

आणि एवढ्यावर थांबू नका. खरी लढाई मुलाखतीच्या टेबलापलीकडे आहे. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून ‘गट क’ आणि बिगर-राजपत्रित ‘गट ब’च्या नोकऱ्यांतली मुलाखत काढून टाकली. कारभार बुडाला का? नाही बुडाला. म्हणजे इतकी वर्षं त्या खुर्च्यांसाठी चेहरा बघायची गरजच नव्हती. पण वरच्या खुर्च्यांसाठी ती आहेच. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ला आहेत. एकेका गुणावर जिथं माणूस आत-बाहेर होतो, तिथं २७५ गुण टेबलापलीकडच्या नजरेच्या हातात.

म्हणून मागणी करा. सरकारी असो, खाजगी असो, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारा. प्रत्येक प्रश्नाचे गुण तिथल्या तिथं वेगळे लिहा. मंडळाला आडनाव कळता कामा नये. ‘वडील काय करतात’ हा प्रश्न बंद करा. नाकारलं तर का नाकारलं ते कागदावर द्या. ‘छाप पडली नाही’ हे कारण नव्हे. ती पळवाट आहे.

३१ जानेवारी १९२० ला जे पत्र निघालं त्याचं नाव ‘मूकनायक’ होतं. तेव्हापासून आपला गळा मोकळा झालेला आहे. तो दुसऱ्याच्या पट्टीत लावून घ्यायला आता कुणाला पैसे मोजू नका.